झाडांचा टँक: पुण्याच्या पाण्यात पहिली सुरुवात

काच, खडी, मासे आणि चार झाडं एकाच दिवशी घरी आली की पुढचं बहुतेक ठरलेलं असतं. दहाव्या दिवशी काचेवर तपकिरी थर, तिसऱ्या आठवड्यात पिवळी पडलेली झाडं, एक-दोन मासे गेलेले, आणि मग "आपल्याकडे झाडं टिकत नाहीत" असं म्हणून प्लॅस्टिकची झाडं येतात. झाडं पुण्यात छान टिकतात. चुकतो तो क्रम. प्लांटेड टँक, म्हणजे जिवंत पाणवनस्पती लावलेला माशांचा टँक, ही आधी बाग आहे आणि मासे तिच्यात शेवटी राहायला येतात. पहिल्याच दिवशी भरपूर झाडं, बेताचा उजेड आणि मासे महिना-सव्वा महिन्याने, हे तीन नियम पाळले की निम्म्याहून जास्त अडचणी येतच नाहीत.

टँक आणि जागा

सुरुवातीला 60 × 30 × 36 सेंटीमीटरचा, म्हणजे साधारण दोन फुटी टँक घ्या. काच 6 मिलिमीटरची असावी. दहा-पंधरा लिटरचा छोटा टँक सोपा वाटतो, पण त्यात चूक पचत नाही. खाणं जरा जास्त पडलं किंवा एखादा मासा मेला, तर पाणी एका दिवसात बिघडतं. दोन फुटी टँकमध्ये खडी-दगड धरून 45 ते 48 लिटर पाणी बसतं. तेवढं पाणी तुम्हाला चूक सुधारायला वेळ देतं.

भरलेल्या टँकचं वजन 80 किलोच्या आसपास जातं, त्यामुळे हलणारं टेबल किंवा भिंतीतली लाकडी फळी चालणार नाही. लेव्हल लावून बघा आणि टँकखाली फोमची किंवा थर्माकोलची शीट घाला. जागा अशी निवडा जिथे खिडकीतलं थेट ऊन येत नाही. पश्चिमेच्या गॅलरीशेजारी ठेवलेल्या टँकचं पाणी एप्रिलमध्ये हिरवंगार होतं आणि तापतंही. वायर प्लगपेक्षा खाली झोळ देऊन मगच वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी बटणात न शिरता खाली ठिबकतं. टँकमध्ये हात घालण्याआधी वीज बंद करायची, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

आधी घरचं पाणी ओळखा

पुण्यात हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि बहुतेक जण नेमकं हेच वगळतात. खडकवासल्याहून येणारं महापालिकेचं पाणी तसं मृदू असतं आणि झाडांना मानवतं. पण उपनगरांतल्या कित्येक सोसायट्यांत नळाला येतं ते महापालिकेचं, बोअरचं आणि टँकरचं मिश्रण. त्याचं प्रमाण दर आठवड्याला बदलतं. बोअरच्या पाण्यात क्षार खूप असतात, टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, पाचशेच्या पुढे सहज जातो. म्हणून फिल्टरच्याही आधी एक टीडीएस मीटर घ्या आणि आठवडाभर रोज सकाळी नळाचं पाणी मोजून लिहून ठेवा.

आकडा रोज जवळपास सारखा आणि दोनशेच्या आत असेल तर काही करायला नको. सारखाच पण चारशे-पाचशे असेल, तरी काळजी नाही. जड पाण्याला साजेशी झाडं आणि मासे निवडता येतात, किंवा निम्मं आरओचं पाणी मिसळून आकडा निम्म्यावर आणता येतो. नुसतं आरओचं पाणी मात्र वापरू नका. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम जवळपास नसतं, त्यामुळे नवी पानं वाकडीतिकडी येतात आणि गोगलगाईंची शिंपलं झिजतात. खरा त्रास आकडा आज 150, परवा 600 असा उड्या मारत असेल तेव्हा होतो. अशा घरात एका वेळी 15 टक्क्यांपेक्षा जास्त पाणी बदलू नका, आणि बदलण्याआधी दर वेळी मोजा.

क्लोरीन झाडांना फारसं बाधत नाही. माशांच्या कल्ल्यांना आणि फिल्टरमधल्या जीवाणूंना मात्र बाधतं. पाणी उघड्या बादलीत 24 तास ठेवा, शक्य असेल तर त्यात हवेच्या पंपाला जोडलेला, बुडबुडे सोडणारा दगड सोडा. घाई असेल तर मत्स्यदुकानात मिळणारं अँटी-क्लोरीन बाटलीवरच्या मापाने घाला. सोसायटीची टाकी धुऊन टीसीएल पावडर (क्लोरीनची ब्लीचिंग पावडर) टाकली असेल, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पाणी बदलायचं नाही. गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद असलं की शुक्रवारी उशिरा आणि कमी दाबाने येणारं पहिलं पाणी कित्येकदा गढूळ असतं. तेही टाळा. पावसाळ्यात पाणी रात्रभर निवळू द्या आणि बादलीच्या तळचं चार बोटं पाणी ओतून द्या.

तळ

दोन रस्ते आहेत. पैसे खर्चायची तयारी असेल तर तयार अ‍ॅक्वासॉइल घ्या. ही टँकसाठीच बनवलेली, खत असलेली दाणेदार माती असते. 9 लिटरची एक पिशवी या टँकला पुरते. पुढे 3 सेंटीमीटर आणि मागे 7 असा उतार द्या, त्यामुळे टँकला खोली येते. ही माती धुवायची नसते, धुतली तर दाणे फुटून चिखल होतो. पहिले काही आठवडे ती अमोनिया सोडते. तो झाडांना खत म्हणून चालतो, पण मासे त्याने मरतात.

स्वस्त रस्ता म्हणजे नर्सरीतली पोयटा किंवा लाल माती. तिच्यात शेणखत किंवा गांडूळखत मिसळलेलं नसावं. ते पाण्याखाली कुजतं, बुडबुडे येतात आणि पाण्याला गटारासारखा वास सुटतो. माती बादलीत भिजवा, ढवळा, वर तरंगणारा काडीकचरा काढून टाका, पाणी ओता आणि वाळवा. असं तीन-चार वेळा केलं की ती शांत होते. मग चाळून तिचा अडीच सेंटीमीटरचा थर द्या आणि वर किमान तीन सेंटीमीटर जाड वाळू किंवा 2 ते 3 मिलिमीटरची खडी पसरा. माती पुढच्या काचेपासून चार सेंटीमीटर आत ठेवा, म्हणजे काचेतून मातीचा पट्टा दिसणार नाही. काळी माती वापरू नका, ती फुगते आणि पाणी महिनोन्महिने गढूळ ठेवते. वाळू म्हणून पोहण्याच्या तलावाच्या फिल्टरला वापरतात ती गारेची वाळू उत्तम. क्रश सँडला टोकदार कडा असतात आणि तिची भुकटी वीस वेळा धुतली तरी निघत नाही.

मातीचा टँक सुरू झाला की त्यातली मोठी झाडं उपटायची नाहीत. मुळांबरोबर चिखल वर येतो. सारखं मांडणी बदलायचा स्वभाव असेल तर अ‍ॅक्वासॉइलच घ्या, किंवा साध्या खडीत झाडाच्या मुळाशी रूट टॅब, म्हणजे खताची गोळी, खोचा. एक टॅब साधारण तीन महिने पुरतो.

दगड आणि लाकूड

आपला सह्याद्रीचा काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, टँकसाठी फार चांगला. रंग गडद, त्यावर हिरवं उठून दिसतं, आणि तो पाण्यात सहसा काही सोडत नाही. पण हाच दगड नीट पाहा. पुण्याच्या आसपासच्या बेसॉल्टमध्ये छोटी पोकळ भोकं असतात आणि त्यांत पांढरे स्फटिक बसलेले असतात. त्यांतले काही झिओलाइट असतात, ते निरुपद्रवी. काही कॅल्साइट असतात, ते पाण्यात हळूहळू विरघळून त्याचं जडपण वाढवत राहतात. ओळखायची रीत सोपी आहे. दगड कोरडा करून बाहेर न्या, हातमोजे घाला आणि पांढऱ्या ठिपक्यावर टॉयलेट साफ करायच्या ॲसिडचा एक थेंब टाका. सोड्यावर लिंबू पिळल्यासारखा फेस आला तर तो कॅल्साइट, दगड बाजूला ठेवा. थेंब तसाच ओला राहिला तर दगड चालेल. मग दगड भरपूर पाण्याने धुऊन घ्या. व्हिनेगरनेही कळतं, पण फेस इतका बारीक येतो की नजरेतून सुटतो. दगड टेकडीवरून उचलून आणू नका. अनेक टेकड्या वनखात्याच्या आहेत. बागेचं साहित्य विकणाऱ्यांकडे असे दगड मिळतात.

लाकूड दुकानातलंच घ्या. मोठ्या पातेल्यात दोन-तीन तास उकळा, मावत नसेल तर आठवडाभर बुडवून ठेवा आणि रोज पाणी बदला. चहासारखा रंग उतरेल, तो नुकसान करत नाही. पहिल्या पंधरवड्यात लाकडावर पांढरा, शेंबडासारखा थर येतो. तो जुन्या टूथब्रशने काढा. दोन-तीन आठवड्यांत येणं थांबतं.

झाडं, दगड आणि लाकूड मांडून टँक सजवायच्या या पद्धतीला जगभर नाव मिळवून दिलं ते जपानी छायाचित्रकार ताकाशी अमानो यांनी (1954–2015). त्यांच्या फोटोंतली नुसते दगड आणि खाली हिरवळीचा गालिचा अशी मांडणी सगळ्यांना भुरळ घालते. पहिल्या टँकला ती करू नका. तिच्यात झाडं कमी, उजेड भरपूर आणि कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लागतो, म्हणजे शेवाळाला रान मोकळं. एक लाकूड, दोन-तीन दगड, आणि मुख्य गोष्ट मधोमध न ठेवता एका बाजूला, एवढं पहिल्या मांडणीला पुरे.

दिवा आणि फिल्टर

दिवा 15 ते 20 वॅटचा, 6500 केल्विनचा एलईडी. प्लगमध्ये लावायचा टायमर हवाच. पहिला महिना रोज सहाच तास, नंतर दर आठवड्याला अर्धा तास वाढवत आठपर्यंत. त्यापुढे नाही. फिल्टर ताशी 300 ते 400 लिटरचा, काचेला अडकवायचा चालेल. पाणी ओढणाऱ्या नळीला स्पंज लावा, नाहीतर लहान कोळंब्या आत ओढल्या जातात. सिलिंडर पहिल्या टँकला लागत नाही. खाली दिलेली झाडं त्याच्याशिवाय वाढतात.

झाडं किती आणि कोणती

नवखे नेमके इथे हात आखडता घेतात. लावल्यावर तळाचा निम्म्याहून जास्त भाग झाडांनी झाकलेला दिसला पाहिजे. पाण्यातलं खत एकतर झाडं खातात किंवा शेवाळ खातं, तिसरा वाटेकरी नाही. दोन फुटी टँकला साधारण एवढं लागेल:

मागे रोटाला रोटुंडिफोलियाच्या 20 काड्या किंवा हायग्रोफिला पॉलिस्पर्माच्या 12 काड्या. पाणी जड असेल तर त्याऐवजी व्हॅलिसनेरियाची 10 रोपं, तिला क्षार आवडतात. मध्ये क्रिप्टोकोरिन वेंडटीच्या चार-पाच कुंड्या. पुढे बुटकी सॅजिटेरिया, आठ-दहा रोपं. लाकडावर अनुबियास नाना दोन, जावा फर्न एक, आणि जावा मॉस मूठभर. याशिवाय हॉर्नवर्टची एक जुडी नुसती तरंगत सोडा. ती झपाट्याने वाढते, पाण्यातलं जादा खत पिऊन टाकते आणि दोन महिन्यांनी काढून टाकता येते. ब्राह्मी म्हणून ओळखली जाणारी बाकोपा मोनिएरीही टँकमध्ये छान वाढते. मात्र नर्सरीत याच नावाने मंडूकपर्णीही विकली जाते, तिची पानं गोल असतात. आपल्याला हवी ती लहान, मांसल, लांबट पानांची.

दुकानात "ॲक्वेरियम प्लांट" म्हणून ड्रॅसिना आणि लकी बांबूही मिळतात. ती जमिनीवरची झाडं आहेत. पाण्याखाली दीड-दोन महिने तग धरतात आणि मग कुजतात.

लागवडीचा दिवस

तळ पसरून झाला की तो भिजेल इतकंच पाणी घाला. रिकाम्या, ओल्या टँकमध्ये लागवड करणं भरलेल्या टँकपेक्षा कितीतरी सोपं असतं. हाताशी पाण्याचा स्प्रे ठेवा आणि दर दहा मिनिटांनी झाडांवर मारा. पानं एकदा सुकली की परत उभी राहत नाहीत.

क्रिप्टोकोरिन कुंडीतून काढा, मुळांना धरून असलेली कापसासारखी लोकर वाटीभर पाण्यात हळूहळू सोडवा, आणि मुळं तीन सेंटीमीटर ठेवून बाकीची कापा. आता लांब चिमटा मुळांच्या टोकाला धरा, पानांना नाही. चिमटा तिरपा आत घाला, थोडा सैल करा आणि हलवत हलवत मागे घ्या. सरळ वर ओढला तर रोप चिमट्याबरोबर बाहेर येतं, आणि त्याच भोकात दुसऱ्यांदा ते बसत नाही. रोटालाची एकेक काडी वेगळी लावा, खालची दोन पेरं गाडली जातील अशी, दोन काड्यांत दोन बोटांचं अंतर. जुडीच्या जुडी खोचली तर आतल्या काड्यांना उजेड मिळत नाही आणि बुंधे कुजतात. अनुबियास आणि जावा फर्नचं आल्याच्या गड्ड्यासारखं आडवं खोड असतं, ते कधीही मातीत गाडायचं नाही. सुती दोऱ्याने किंवा फेव्हिक्विकसारख्या गोंदाच्या जेलने लाकडाला चिकटवा.

मग तळावर प्लॅस्टिकची पिशवी अंथरून तिच्यावर बारीक धारेने पाणी सोडा. वीस मिनिटं लागली तरी लागू द्या.

पहिले सहा आठवडे

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत झाडं मरतायत असं वाटेल. क्रिप्टोकोरिनची पानं तर अक्षरशः विरघळतात. उपटून टाकू नका. बहुतेक रोपं नर्सरीत पाण्याबाहेर वाढवलेली असतात. ती जुनी पानं टाकून पाण्याखालची पानं काढतात, आणि मुळं तोवर जिवंतच असतात. कुजलेलं पान तेवढं कात्रीने कापून बाहेर काढा.

पाण्याखाली दुसरं काम चालू असतं. कुजणाऱ्या वस्तूंमधून अमोनिया तयार होतो, एका प्रकारचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि दुसरे त्याचं नायट्रेट. पहिले दोन्ही माशांना विषारी, तिसरं थोडं असेल तर झाडांचं अन्न. हे जीवाणू फिल्टरच्या स्पंजवर पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे घेतात. ओळखीच्या कुणाच्या निरोगी टँकमधला स्पंज तुमच्या फिल्टरमध्ये ठेवता आला तर वेळ बराच वाचतो. अ‍ॅक्वासॉइल असेल तर पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड निम्मं पाणी बदला, दुसऱ्या आठवड्यात दोनदा, आणि पुढे आठवड्यातून एकदा 30 टक्के. साध्या खडीचा टँक असेल तर एक दिवसाआड चिमूटभर माशांचं खाणं टाका, नाहीतर जीवाणूंना खायला काही नसतं, आणि आठवड्यातून एकदा पाणी बदला. थेंबांचं टेस्ट किट घ्या. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट दिसतंय असं सलग तीन दिवस आलं की टँक माशांसाठी तयार.

द्रवखत पहिल्या महिन्यात बाटलीवर लिहिलेल्या मापाच्या निम्मं, आठवड्यातून एकदा. पुढे झाडंच सांगतात. नवी पानं फिकट, पिवळट येत असतील तर लोह कमी. जुन्या पानांना टाचणीएवढी भोकं पडत असतील तर पोटॅशियम कमी. जुनी पानं सरसकट पिवळी पडत असतील तर नायट्रोजन कमी.

मासे

एकदम सगळे नाही. आधी सहा ते आठ लहान मासे, दोन आठवड्यांनी पुढचे. जड पाण्यात गप्पी आणि प्लॅटी, मृदू पाण्यात हार्लेक्विन रासबोरा किंवा एम्बर टेट्रा. सोबत दहा चेरी कोळंब्या. निऑन टेट्राबद्दल माझं स्पष्ट मत आहे की पुण्यात टँक थंड ठेवायची सोय नसेल तर घेऊ नयेत. त्यांना 22 ते 26 अंशांचं पाणी लागतं आणि मेमध्ये आपलं पाणी 30च्या पुढे असतं. गोल्डफिश झाडं खातो आणि उपटतो. "काच साफ करतो" म्हणून गळ्यात मारला जाणारा सकर फिश फुटापेक्षा मोठा होतो.

पिशवी वीस मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवा, दर पाच मिनिटांनी तिच्यात अर्धी वाटी टँकचं पाणी घाला, मग मासे जाळीने उचलून सोडा. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका. खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. दर आठवड्याला बदलायचं पाणी म्हणजे साधारण एक मोठी बादली. त्याच काढलेल्या पाण्यात फिल्टरचा स्पंज पिळून घ्या. नळाखाली धुतला तर क्लोरीनने जीवाणू मरतात आणि सहा आठवड्यांची मेहनत जाते. उरलेलं पाणी कुंड्यांना घाला, खतासारखं लागू पडतं.

शेवाळ आलं तर

दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात येणारी तपकिरी भुकटी जवळजवळ प्रत्येक नव्या टँकमध्ये येते. पुसत राहा, ती आपोआप जाते. पाणीच हिरवं झालं तर ऊन किंवा अमोनिया हे कारण. दिवा बंद करून टँक तीन दिवस जाड चादरीने पूर्ण झाका. हिरवे केस वाढले तर उजेड जास्त झालाय. टूथब्रशभोवती गुंडाळून काढा आणि दिवा परत सहा तासांवर आणा. निळसर हिरवा, उग्र वासाचा, चादरीसारखा उचलून येणारा थर खरं तर जीवाणूंचा असतो. पाणी फिरत नाही त्या कोपऱ्यात तो धरतो. नळीने ओढून काढा आणि फिल्टरचं तोंड तिकडे वळवा. काळी दाढी, म्हणजे काळ्या झुपक्यांचं शेवाळ, मात्र चिवट. ती धरलेली पानं कापून टाका. लाकडावर असेल तर लाकूड बाहेर काढून त्या जागी 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड लावा, पाच मिनिटांनी धुऊन परत ठेवा. दाढी आधी लाल पडेल, मग झडेल.

एप्रिल-मे आणि डिसेंबर

पुण्याचा उन्हाळा कोरडा असतो, हा आपला फायदा. झाकण काढून पाण्यावर तिरपा वारा येईल असा छोटा पंखा लावला तर बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं. मुंबईच्या दमट हवेत याचा एवढा उपयोग होत नाही. पंख्यामुळे पाणी रोज घटतं, पण उडून जातं ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात. म्हणून ही रोजची भर आरओच्या पाण्याने घाला, नळाच्या नाही. दिव्याची वेळ संध्याकाळी पाच ते अकरा करा, दुपारची उष्णता आणि दिव्याची उष्णता एकत्र यायला नको. वीज तीन-चार तास गेली तर बॅटरीवरचा हवेचा पंप लावा आणि त्या दिवशी खाणं देऊ नका. डिसेंबर-जानेवारीत माशांसाठी 50 वॅटचा हीटर 24 अंशांवर पुरतो, झाडांना तो लागत नाही.

तिसऱ्या महिन्यापासून छाटणी सुरू होते. रोटालाचा शेंडा दहा सेंटीमीटर कापून तोच परत लावायचा, खालच्या बुंध्याला दोन फांद्या फुटतात. जादा निघालेली झाडं नदीत किंवा पाषाण, कात्रजच्या तळ्यात सोडायची नाहीत, आणि नको झालेले मासेही नाहीत. मुळा-मुठेवर पसरलेली जलपर्णी हीसुद्धा मुळात बाहेरून, शोभेसाठी आणलेली वनस्पती आहे. छाटलेल्या काड्या ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून डब्यात घातल्या तर दोन दिवस टिकतात. तेवढ्यात घेणारं कुणी मिळालं नाही तर उन्हात कडकडीत वाळवून कुंडीच्या मातीत मिसळा.